पिवळ्या भिंती, निळ्या चौकटी

चामराजपेठ, बंगळूर
ता. १८ डिसेंबर १९६१

ती. अप्पासाहेब यांस,
श्रीधराचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत, असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ते कितपत खरं आहे ते पुढं वाचाल तेव्हा कळेलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? बेळगावात थंडी जोरात असेल. तेल चोळताना उताणं पडून चोळून घ्या, बसून घेऊ नका (हे मला आमच्या ऑफिसातल्या एका गार्डाने सांगितलं होतं, त्याचा गुडघा बरा झाला नाही, पण सल्ला चांगला आहे). वहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. डब्याचं झाकण एका बाजूने उचकटलेलं होतं, पण पार्सल वाटेत कोणी उघडलं हे माझ्या लक्षात आलेलं आहे आणि मी त्या माणसाला ओळखतो.

एक गोष्ट आधीच विचारतो. तुमच्या भगिनीने, म्हणजे आमच्या सौ. तुंगाबाईने, गेल्या वर्षभरात माझ्या नकळत तुम्हाला काही कळवलं होतं का? लगेच नाही म्हणू नका. तेहतीस वर्षं मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. वर 'आंबे' लिहिलेल्या करंडीत काय काय असतं ते मला माहीत आहे. निवृत्त झालो तरी सवय जात नाही. गाठ दिसली की आत काय असेल हा विचार पहिला येतो. तर तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे मनाशी धरून पुढचं वाचा.

या घरात आम्ही बावीस वर्षं राहतो. बावीस वर्षं भिंतींना एकच रंग, चुना आणि त्यात निळीची चिमूट. दारांना चॉकलेटी ऑइलपेंट, खाली तांबडी घोटीव जमीन. (निळीची चिमूट मी स्वतः टाकत असे. एका वर्षी चिमटीऐवजी मूठ पडली आणि आम्ही वर्षभर परटाच्या हौदात राहिल्यासारखे राहिलो, तरी बाईंनी चकार शब्द काढला नाही.) रंगाच्या बाबतीत कधी तोंड न उघडलेली ही तुमची बहीण यंदा नवरात्राच्या आधी, मला ताक वाढता वाढता म्हणाली, यंदा चुना नको, डिस्टेंपर लावू. आणि रंग मी सांगेन. मी ताक तसंच ठेवलं. ताक वाढताना ते थोडं पाटावर सांडलं होतं, तेही मी पाहिलं. पण मला वाटलं, मनात काहीतरी लपवत असल्यामुळे हात कापला असेल.

रंगारी म्हणून देवाप्पा आला. हा तुमच्याच बाजूचा, चिकोडीकडचा, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारा. त्याने रंगांच्या चौकोनी तुकड्यांचं एक कार्ड आणलं. मी चष्मा पुसून, क्रमाक्रमाने सगळे चौकोन पाहून फिका पिस्ता पसंत केला. सभ्य रंग, निवृत्त माणसाला शोभणारा, डाग लपवणारा. देवाप्पाने बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्याचा हातभर पट्टा मारून दाखवला. तुंगाबाई भिंतीसमोर उभी राहिली, मान इकडे केली, तिकडे केली आणि म्हणाली, "हा रंग मला दिसतच नाही हो." आता तुम्हीच सांगा, अप्पासाहेब, चांगल्या घरातल्या बाईने नवऱ्याच्या पसंतीबद्दल असं बोलावं? मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोललो. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मीच बोलू लागलो.

मग ते कार्ड ती परसात घेऊन गेली. मी न्हाणीघराच्या खिडकीतून पाहत होतो. भर उन्हात उभी राहून ती एकेक चौकोन नाकाला लावत होती. रंग कोणी हुंगून पसंत करतं का? पण तिने केले. स्वयंपाकघराच्या भिंती भडक हळदीसारख्या पिवळ्या. दाराच्या चौकटी गडद निळ्या, शाईच्या दौतीइतक्या. मधल्या खोलीत खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, भिंतीवर कमरेच्या उंचीला, वीतभर रुंदीचा निळा पट्टा. आणि परसात उतरायच्या दोन पायऱ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. मी विचारलं, हा पट्टा कशासाठी? म्हणाली, "शोभेसाठी." अप्पासाहेब, आमच्या मधल्या खोलीत तांदळाची दोन पिंपं, माझी ट्रंक आणि मोडकी शिवणाची मशीन आहे. तिथे शोभा कोणाला दाखवायची?

माझा पहिला संशय देवाप्पावर. कुठल्यातरी लॉजचं काम झाल्यावर उरलेला पिवळा आणि निळा हा माणूस आमच्या घरात खपवतो आहे आणि बाईला त्याने भुरळ घातली आहे, असं मी धरलं. मी त्याला परसात गाठून उलटतपासणी घेतली. तो ब्रश बादलीत बुडवत म्हणाला, "साहेब, मला काय विचारता? अक्का सांगत्यात तसं करतोय. स्वल्प गडद करा म्हणत्यात, करतोय. परवा त्यांनी माझ्या बादलीत पाय घातला की हो. तरी मी काही बोललो?" मी त्यालाच झापलं की बादली वाटेत ठेवतोस कशाला. (बादली वाटेत नव्हती. भिंतीला टेकून होती. हे मला तेव्हाही दिसलं होतं.)

दुसरा संशय प्रेमावर. प्रेमा म्हणजे शेजारच्या अनुसूयाबाईंची मुलगी, कॉलेजात होम सायन्स का काहीसं शिकते. तिचं आणि तुंगाबाईचं फार मेतकूट जमलं होतं. रोज दुपारी ही मुलगी येऊन सुया ओवून द्यायची, एकदम दहा-दहा, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांच्या, आणि उशीला टोचून जायची. मला वाटलं, कॉलेजातला कसला प्रयोग आमच्या घरावर चालला आहे आणि शेवटी त्यावर ही वहीत चार पानं लिहून मार्क मिळवणार. मी तिची वही पाहिली (ती ओट्यावर विसरली होती, मी उघडली नाही, वाऱ्याने उघडली). त्यात अंड्याच्या पौष्टिकतेवर टिपण होतं. आमच्या घराचा उल्लेख नव्हता.

तिसरा संशय, रागवू नका, तुमच्यावर. गणपतीत तुमचं पत्र आलं ते तुंगाबाईने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत, तुम्हीच वाचा. हात कोरडे होते. बावीस वर्षं भावाचं पत्र देव्हाऱ्यासमोर बसून तीनदा वाचणारी बाई ते मला वाचायला देते, याचा अर्थ मी असा लावला की पत्रात सांकेतिक काही आहे आणि मी ते मोठ्याने वाचताना माझा चेहरा तिला न्याहाळायचा आहे. तुमच्या "घराकडे लक्ष द्या" या वाक्यावर मी तीन दिवस घालवले. तुम्हाला घर विकायला लावायचं आहे, किंवा तुम्ही इथे राहायला येणार आहात, असे दोन्ही निष्कर्ष मी कागदावर मांडले होते. तो कागद आता फाडला आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तीस-पस्तीस वर्षांत माझ्या भातात खडा आला नव्हता. यंदा तीनदा आला. मी पेठेतल्या आमच्या वाण्याच्या दुकानात जाऊन भर गिऱ्हाइकांत त्याला तांदळात खडे मिसळतोस म्हटलं आणि दुकान बदललं. नव्या वाण्याच्या तांदळातही खडा आला. तेव्हा मी असं धरलं की दोघे मिळालेले आहेत.

असा सगळीकडून वेढला गेलो असताना माझ्या ध्यानात आलं की दर गुरुवारी साडेदहाला प्रेमा येते आणि तुंगाबाई "देवळात जाऊन येते" म्हणून तिच्याबरोबर जाते. येताना कुंकू नाही, तीर्थ नाही, नारळाची कवड नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मी मफलर गुंडाळला, हातात वर्तमानपत्र घेतलं आणि त्यांच्यामागून निघालो. त्या बसच्या पुढच्या दाराने चढल्या, मी मागच्या. प्रेमा तिचा दंड धरून होती. बसवनगुडीत उतरल्या, एका गल्लीत शिरल्या आणि एका पाटी लावलेल्या घरात गेल्या. पाटी कानडीत होती आणि मफलर डोळ्यावर आला होता, त्यामुळे मी ती न वाचताच आत गेलो. व्हरांड्यात बाक होते, बाकांवर बरीच माणसं गप्प बसली होती. मला वाटलं एखाद्या स्वामींचा मठ असावा आणि पिवळ्या-निळ्या रंगांचा उपाय त्यांनीच सांगितला असावा. मी समोरच्या बाकावर, तुंगाबाईपासून दोन हातांवर, वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरून बसलो.

इतक्यात पांढरा कोट घातलेला एक मनुष्य वही घेऊन आला आणि मला म्हणाला, "हेसरू?" आता मी नाव सांगितलं असतं तर तुंगाबाईला कळलं असतं. तोंडाला येईल ते सांगावं म्हणून मी आवाज घोगरा करून म्हटलं, "भीमाचार्य." त्याने वहीत पाहिलं, खूण केली, "सरी", म्हणजे ठीक, म्हणाला, माझा चष्मा काढून बाजूला ठेवला, हनुवटी वर केली आणि मी तोंड उघडायच्या आत दोन्ही डोळ्यांत काहीतरी जळजळीत घातलं. "मुच्ची, मुच्ची," म्हणजे मिटून घ्या, असं म्हणून तो पुढच्या बाकाकडे गेला. अप्पासाहेब, मठात तीर्थ हातावर देतात, हे मला माहीत आहे. हे तीर्थ नव्हे, एवढं मला कळलं. पण मी भीमाचार्य म्हणून बसलो होतो, ओरडणार कसा?

थोड्या वेळाने एक गृहस्थ आले आणि आपलं नाव भीमाचार्य आहे, साडेअकराची वेळ दिली आहे, आपल्याला औषध केव्हा घालणार, म्हणून विचारू लागले. तो कोटवाला म्हणाला, भीमाचार्यांना घातलं. गृहस्थ म्हणाले, मला घातलं नाही. कोटवाला म्हणाला, वहीत खूण आहे. गृहस्थ चिडले. त्यांना कोणीतरी फसवतं आहे असं त्यांना वाटू लागलं (माणूस विचारी होता). व्हरांड्यात गलका झाला. मी डोळे उघडले तर सगळं जग ताकासारखं पांढरं झालेलं. चष्मा चाचपायला गेलो तर तो बाकाखाली पडला, मी उठलो तो कोणाच्या तरी पायावर पडलो आणि माझ्या तोंडून माझ्याच आवाजात "अरे देवा" निघालं.

"अहो?" तुंगाबाई म्हणाली. "तुम्ही?"

तिने मला ओळखलं ते आवाजावरून. दोन हातांवर मी अर्धा तास बसलो होतो, मफलर केव्हाच गळ्यात उतरला होता, वर्तमानपत्र मांडीवर होतं. जिच्यापासून तोंड लपवत होतो, तिला मी तसाही दिसत नव्हतो.

"तू इथे काय करतेस?" मी विचारलं.

"तुम्हाला काय झालं डोळ्यांना?" तिने विचारलं आणि हवेत हात पुढे केला. मीही केला. दोघांचेही हात चुकले. शेवटी, इतका वेळ आत नंबर लावून बसलेल्या प्रेमाने बाहेर येऊन तिचा हात माझ्या हातात दिला.

डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी आधी खऱ्या भीमाचार्यांची समजूत घातली, मग मला आत बसवलं आणि म्हणाले, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, बाहुल्या मोठ्या केल्या आहेत, उद्यापर्यंत दिसू लागेल. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकला आहे, काढावा लागेल. दीड वर्ष त्या येताहेत, तुम्हाला माहीत नव्हतं? तेहतीस वर्षं बंद करंड्यांतलं ओळखणारा माणूस मी.

टांग्यातून घरी आलो. रस्ताभर ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि मी मफलर डोळ्यांवरून गुंडाळून बसलो होतो. प्रेमा आम्हाला दारात सोडून कॉलेजला गेली, कारण तिला आधीच उशीर झाला होता. बाहेरच्या खोलीला अजून रंग लावलेला नाही, तिथे तोच बावीस वर्षांचा पांढरा आणि मधोमध माझा पिस्ता पट्टा. तो पट्टा मला खरोखरच दिसला नाही. तिपाईवर नडगी आपटली, मग आरामखुर्चीच्या हातावर, मग भिंतीवरच गेलो. तुंगाबाई मागून म्हणाली, "तसेच उभे राहा. डावीकडे निळं काही दिसतंय?" दिसत होतं. पांढऱ्या धुक्यात निळी उभी रेघ, आडवी रेघ, पुन्हा उभी रेघ. ते दार होतं. मी त्यातून गेलो. मधल्या खोलीत निळा पट्टा होता, त्यावर हात ठेवून गेलो. पुढे आणखी एक निळी चौकट, तिच्यापलीकडे सगळं पिवळं, त्या पिवळ्यावर काळी कढई, काळा तवा, पितळी नाही पण लोखंडी प्रत्येक भांडं आपापल्या जागी टांगलेलं दिसलं. मी कुठेही न आपटता पाटावर जाऊन बसलो.

तिने कॉफी केली. कप माझ्या हातात दिला.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला स्वयंपाकघरातून उठवलं असतं."

"मी?"

"एखादी बाई आणून बसवली असती. मला बाहेर आरामखुर्चीत. दिवसभर तुमच्या देखरेखीखाली." मग म्हणाली, "तांदळात खडे येतात ते मला कळत होतं. तुम्ही वाण्याशी भांडून आलात तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश होता."

अप्पासाहेब, मी खूश होतो हे खरं आहे. भांडण जिंकून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, चष्मा चढवला आणि सगळं पूर्वीसारखं स्वच्छ दिसू लागलं. तुंगाबाईला मात्र दिसत नव्हतं. न्हाणीघरातून येताना ती पट्ट्यावर चार बोटं टेकवून चालते, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग जुन्या वाण्याकडे गेलो. तो म्हणाला, "काय श्रीधरराव, पुन्हा खडा?" मी म्हटलं, खडा तुझा नव्हता, चुकलं. त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि तांदूळ जोखताना सारखा माझ्याकडे पाहत होता. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही असं माझं मत आहे. आता तांदूळ मीच निवडतो. स्वयंपाक तीच करते. त्या बाबतीत मी एक शब्द बोलत नाही. देवाप्पाने पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्याचा दुसरा हात दिला, तो मी स्वतः उभा राहून देववून घेतला.

कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा. वहिनींना पुन्हा नमस्कार.

आपला,
श्रीधर

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिला. ऑपरेशनची तारीख आता जानेवारीच्या नऊची ठरली आहे. आधी दोनदा ठरून हुकली. तुंगाबाई फार हट्टी आहे, तिची समजूत पटत नाही. ऑपरेशननंतर आठ दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून न हलता पडून राहायचं असतं, याची तिने धास्ती घेतली आहे. ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. तरी सात तारखेच्या संध्याकाळपर्यंत इथे या. बर्थ मी स्टेशनात ओळखीने बघून ठेवतो.

आणखी ता. क. बाहेरच्या खोलीचा रंग अजून ठरायचा आहे. येताना त्याबाबत काही मत ठरवून आणू नका.

नमस्कार काका. हे प्रेमा लिहिते. श्रीधरकाका पाकीट आणायला गेलेत तेवढ्यात तुंगाक्कांनी सांगितलं म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते, पत्राच्या घडीत सरकवून ठेवते. माझं मराठी लिहिणं शाळेत झालं नाही, चुकलं तर क्षमा. सगळं पत्र मी अक्कांना वाचून दाखवलं. पुढचं त्यांचं आहे:

दादा, तुला माहीत होतं हे मी यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, त्यांचा तेवढा एक संशय तरी खरा निघाला असं त्यांना कशाला वाटू द्यायचं. मी ऑपरेशनला कधीच तयार आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोन्ही वेळा मी हो म्हणाले. दोन्ही वेळा हेच दवाखान्यात जाऊन तारीख पुढे ढकलून आले. एकदा अमावस्या जवळ आली म्हणून, एकदा थंडी आहे म्हणून. परवा हे डॉक्टरांकडून परत आले तर जेवले नाहीत. मी पिवळ्या भिंतीजवळ भांडी लावत होते, हे दारात उभे होते. मला चेहरा दिसत नाही, पण माणूस किती वेळ उभा आहे ते कळतं.

तू माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याजवळ डॉक्टर असतील, नर्स असतील. बाहेर व्हरांड्यात यांच्या शेजारी कोणीतरी बसायला हवं, म्हणून ये.